मदत हवी आहे (तातडीने): गाय लाळ गाळतेय, वडिलांनी तोंडात हात घातलाय, कुत्रं चावल्याचं आज कळलं

माणकाठ (4 जून, संध्याकाळ)

नमस्कार मंडळी. मी चाकणला कामाला, घर खटाव तालुक्यात. घरी आई-आबा, भाऊ-वहिनी, त्यांचा पाच वर्षांचा पोरगा, दोन संकरित गाया आणि एक कालवड. फोनवर जेवढं कळलं तेवढं लिहितोय.

परवापासून मोठी गाय वैरणीला तोंड लावत नाही. पाण्यात तोंड घालते, पण गिळता येत नाही. लाळेची तार लागलीय. आंब्याचे दिवस, आईने कोया घमेल्यात टाकलेल्या, म्हणून सगळ्यांना वाटलं घशात कोय अडकली. आबांनी काल कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. शेजारच्या अण्णांनी जबडा धरला होता. कोय नव्हतीच. आबांच्या बोटांना विळ्याचे कापे बारमाही असतात, त्यात गाईची दाढ लागून खरचटलं. गावातल्या इंजेक्शनवाल्याने कॅल्शियमची बाटली लावली, फरक शून्य.

रात्रीपासून ती सारखी हंबरतेय, आवाज घोगरा, फाटका. आज मागचे पाय लटपटतात, कुंथते पण शेण पडत नाही. आणि दुपारी वहिनी सहज बोलून गेली की यात्रेच्या रात्री एक कुत्रं गोठ्यात शिरून हिच्या नाकपुडीला चावलं होतं. हळद लावली, जखम भरली, सगळे विसरले. पाच आठवडे झाले त्याला. त्याच कुत्र्याने अण्णांची शेळीही फोडली होती.

हे पिसाळण्याचंच आहे का? गाय वाचेल का? आबा म्हणतात, "गाय मला चावली कुठं? मला कशाला सुया?" त्यांच्या चुलत्याला बेंबीभोवती 14 घेताना त्यांनी पाहिलंय, ती धास्ती आहे. पुतण्या रोज धारेचं कच्चं दूध पितो, त्याचं काय? आणि कालपर्यंतचं दूध डेअरीला गेलंय.

दावणीचा डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, स्पष्ट लिहितो. गाय बाजूला ठेवा, आधी आबांना उठवा. ग्रामीण रुग्णालयात आज रात्रीच न्या, सकाळची वाट बघू नका. निघण्याआधी हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. एक दिवस उलटला असला तरी धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. त्याला आत शिरायला चावाच लागतो असं नाही, उघडा कापा पुरतो. गोठ्यातली माणसं या रोगात सापडतात ती बहुतेक अशीच, घशात काहीतरी अडकलंय समजून हात घातल्यामुळे. गाईला गिळता येत नाही कारण घशाचे स्नायू लुळे पडतात, आणि दिसतं मात्र अगदी कोय अडकल्यासारखं. खरंच कोय अडकली असती तर डावी कूस ढोलासारखी फुगली असती. लाळ्या-खुरकुतात लाळ गळते, पण तोंडात फोड आणि खुरात जखमा असतात. घोगरं हंबरणं, कुंथणं, मागचा भाग लुळा आणि वर कुत्रं चावल्याचा इतिहास, हे सगळं एकत्र आलं की मी दुसरं काही धरून चालत नाही.

गाय वाचणार नाही. लक्षणं दिसल्यावर औषध नाही, साधारण आठवडाभरात जाते. लस तेव्हाच, कुत्रं चावलं त्या दिवसापासून टोचली असती तर उपयोग होता. 1962 वर फोन करून सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. तोवर तिला एकटी बांधा, तोंडाजवळ कोणी जायचं नाही, पाणीही पाजायचं नाही.

कोयनाकाठ

दादा, आबांना सांगा, बेंबीभोवतीची ती लस केव्हाच बंद झाली. आता सुई दंडात. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात कातडीत देतात: पहिला दिवस शून्य धरायचा, मग 3, 7 आणि 28. मोजणी पहिल्या सुईपासून, चावल्यापासून नाही. यात आमच्या घरी घोळ झाला होता म्हणून मुद्दाम लिहिलं.

जखमेत लाळ गेलीय म्हणजे नुसत्या लसीवर भागत नाही, जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरतात. रुग्णालयात "गाईला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि कापलेला हात तिच्या तोंडात गेला" असं पूर्ण वाक्य सांगा. नुसतं "गाय आजारी आहे" म्हटलं तर टिटॅनस देऊन परत पाठवतील. अण्णांना आणि त्या इंजेक्शनवाल्यालाही न्या.

दावणीचा डॉक्टर

दुधाचं राहिलं. उकळल्यावर विषाणू टिकत नाही, डेअरीत पाश्चरायझेशन होतं, त्यामुळे तिकडची काळजी सोडा. आता मात्र धार बंद. कच्च्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी पोराचं डॉक्टरांना सांगा. लस द्यायची का ते ठरवतील. मी असतो तर दिली असती.

शेळीला अजून लक्षणं नसतील तर उशीर झाला तरी लस सुरू करा: 0, 3, 7, 14, 28. तोवर वेगळी बांधा. अण्णांना बजावा, ती विकायची नाही, कापायची तर अजिबात नाही. दुसरी गाय आणि कालवड यांचं सरकारी डॉक्टर बघून सांगतील.

माणकाठ (9 जून)

मंडळी, गाय 7 तारखेला पहाटे गेली. शेवटच्या दिवशी आडवी पडून पाय झाडत होती. आई गोठ्याकडे फिरकली नाही.

आबांना 4 तारखेलाच रात्री अकराला लस आणि सीरम मिळालं, 7 तारखेची सुईही झाली. बोटात सीरम भरताना ओरडले, मग म्हणाले, बेंबीपेक्षा बरं. पुतण्याचीही लस चालू आहे. अण्णा दोन दिवस अडून बसले, कुणी विष उतरवणारा गाठला होता. शेवटी आबांनीच त्यांना मोटरसायकलवर घालून नेलं.

सरकारी डॉक्टर हातमोजे-चष्मा घालून आले, तपासणीसाठी नमुना घेतला. विम्यासाठी पंचनामा झाला, कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढून घेतला. कातडं काढू न देता जेसीबीने खोल खड्डा करून चुना टाकून पुरलं. गोठा ब्लीचिंग पावडरने धुतला. शेळी अजून चरतेय, दोन सुया झाल्या.

आता एकच. आबांची शेवटची सुई 2 जुलैला आणि ते दरवर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीत चालतात. त्या दिवशी माळशिरस-वेळापूरच्या आसपास असतील. वारी चुकवणार नाहीत, हे सांगायला नकोच.

कोयनाकाठ

चुकवू नका ना वारी. लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवा. वेळापूरहून अकलूज जवळ आहे, तिथल्या सरकारी रुग्णालयात कार्ड दाखवून सुई मिळेल. आदल्या दिवशी फोन करून लस शिल्लक आहे का ते मात्र तुम्ही चाकणहून विचारा, आबांवर सोडू नका.