गिटार अ‍ॅम्पच्या कॅबिनेटमधील स्पीकर बदलताना

प्रश्न (मालवण)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ५० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प आणि १२ इंची दोन स्पीकरांचे, मागून बंद असलेले कॅबिनेट आहे. यंदा पावसाळाभर ते पडवीत जांभ्याच्या भिंतीला टेकून राहिले. दसऱ्याला जोडून पाहिले, तर डाव्या स्पीकरातून खालच्या सुरांना खरखर येते. जाळी काढून बोटांनी कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) हलकेच आत दाबला की वाळूवरून चप्पल ओढावी तसा आवाज होतो. दोन्ही स्पीकर १६ ओहमचे असून समांतर जोडलेले आहेत. सेलेस्टियन कंपनीचे ग्रीनबॅक स्पीकर घ्यावेत की त्यांचेच व्हिंटेज ३०, आणि एकच बदलला तर चालेल का?

उत्तर (रत्नागिरी)
तो आवाज कॉइल (कोनामागची, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) घासल्याचा आहे. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत चुंबकाच्या फटीत गंज धरतो, आणि तो एकाला धरला असेल तर दुसऱ्याचा भरवसा मी तरी धरणार नाही; दोन्ही बदला. ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे. समान ओहमच्या दोन स्पीकरांत ताकद निम्मी निम्मी वाटली जाते, म्हणजे तुमच्या अ‍ॅम्पचे ५० वॅट दोघे मिळून जेमतेम पेलतील, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आवाज फाटेपर्यंत वाढवून वाजवला की नमूद केलेल्या वॅटपेक्षा जास्तच देतो. व्हिंटेज ३० प्रत्येकी ६० वॅटचा, शिवाय संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत निघणारा आवाज) १०० डेसिबल, ग्रीनबॅकची ९८. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसला, तरी तेवढा आवाज ग्रीनबॅककडून काढायला दीडपटीहून अधिक ताकद लागते.

उत्तर (सावंतवाडी)
वॅटचा हिशेब पटला, पण व्हिंटेज ३० चे वरचे मध्यम सूर पुढे येतात आणि बंद कॅबिनेटसमोर उभे राहिल्यावर ते कानाला टोचतात, असा माझा अनुभव आहे. ग्रीनबॅकचाच स्वभाव पण भक्कम अंग हवे असेल, तर त्याच कंपनीचा ६५ वॅटचा क्रीमबॅक पाहावा. ओहम मात्र १६ च ठेवा, म्हणजे जोडीचे ८ होतील आणि अ‍ॅम्पमागची ओहम निवडायची कळ ८ वरच राहील; दुकानदाराने ८ ओहमचे दिले, तर त्याच जोडणीत ४ होतात. बसवण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा: धन टोक धनाला जोडले असता कोन बाहेर सरकला पाहिजे. एकाचा आत सरकत असेल, तर त्याच्या तारांच्या खुणा उलट आहेत, आणि तसाच जोडला तर खालचे सूर गायब होतात.

प्रश्नकर्ता (मालवण)
आभारी आहे. आज डावा स्पीकर खोलला. आठपैकी तीन स्क्रू गंजाने तुटले, आणि उजव्याच्या चौकटीवरही तांबूस पापुद्रा दिसला. १६ ओहमचे दोन क्रीमबॅक मागवतो, आणि कॅबिनेट पडवीतून माजघरात हलवले आहे, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.