‘विनॉक्सिश्वसन’ म्हणजे किण्वनच का?

शर्वरी: नमस्कार मंडळी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये खनिज तेलाची वाहिनी फुटली होती. तिथल्या भूजलावरचा एक लेख मराठीत करते आहे. मी लिहिलं, ‘जिवाणू विनॉक्सिश्वसन करून टोल्युइन फस्त करतात.’ (म्हणजे ऑक्सिजनविना श्वसन; टोल्युइन हे तेलातलं एक हायड्रोकार्बन.) संपादकांनी लाल रेघ मारली. म्हणे, विनॉक्सिश्वसन म्हणजे किण्वन, आंबणं, दहावीच्या पुस्तकात बघा. तेल आंबतं का?

वाळूकण: पुस्तकात यीस्टचं उदाहरण आहे ना, म्हणून विनॉक्सिश्वसन म्हटलं की पाठोपाठ किण्वन येतं. सूक्ष्मजीवशास्त्रात दोन्ही वेगळे. श्वसनात अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या कुणीतरी घ्यावे लागतात. आपल्याकडे ते काम ऑक्सिजन करतो, या जिवाणूंकडे नायट्रेट, सल्फेट किंवा लोह. बेमिजीला जमिनीखाली वाळूच्या कणांवर गंजासारखा फेरिक लोहाचा थर आहे. जिओबॅक्टरसारखे जिवाणू त्यावर इलेक्ट्रॉन सोडतात, फेरिकचं फेरस होतं आणि ते पाण्यात उतरतं. तिथल्या विहिरींच्या नमुन्यांत विरघळलेलं लोह वाढलेलं दिसतं ते यामुळे. किण्वनात इलेक्ट्रॉन घेणारा असा बाहेरचा कुणी नसतो, मग याला किण्वन कसं म्हणणार? तुमचा शब्द बरोबर आहे.

तात्या_सातारा: शर्वरीताई, तुमच्या लेखाच्या शीर्षकात ‘सुगंधी हायड्रोकार्बन’ दिसतंय. तेवढं काढा. नॅफ्थॅलीनही त्याच गटातलं, म्हणजे डांबरगोळ्या. ‘ॲरोमॅटिक’ लिहा, वाचकाला कळतं.

शर्वरी: काढलं, तात्या. आणखी एक शंका. मूळ मजकुरात एका परिच्छेदात टोल्युइनचं ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन काढून घेणं) म्हटलंय आणि दोन ओळींनी त्याच्या कार्बनच्या कड्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन देणं). चुकलंय का?

वाळूकण: चुकलेलं नाही, गंमत तिथेच आहे. ऑक्सिजन असला की जिवाणू तो थेट कड्यात घुसवतात आणि कडं फुटतं. नसला की आडवाट. टोल्युइनच्या कड्याला लागलेल्या मिथिल गटाला फ्युमरेट नावाचा छोटा रेणू जोडतात, बेंझिलसक्सिनेट होतं, त्यापासून पुढे बेंझॉइल-कोए हा रेणू, कडं अजून शाबूत असलेला. आता या कड्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा ॲरोमॅटिकपणा, म्हणजे कड्याचा खास टिकाऊपणा, मोडतात. हे क्षपण. सुपारी अडकित्त्यानं फुटेना म्हणून आधी भिजत घालावी, तसं. मग पाण्याच्या रेणूनं कडं उघडतं आणि शेवटी सगळ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे गोळाबेरीज ऑक्सिडीकरणच. क्षपणाची ही पायरी महागडी आहे. थाउएरा नावाचा जिवाणू त्यासाठी दोन इलेक्ट्रॉनांमागे दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतो. जिओबॅक्टरकडचं विकर टंगस्टनवालं आहे, त्याला एटीपी लागत नाही.

तात्या_सातारा: ‘विकर’ वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे एन्झाइमच लिहितात.

मीनल_लॅब: संपादकांची थोडी बाजू घेते. त्याच ठिकाणी तेलाजवळच्या भागात लोह वापरून संपलंय आणि तिथे मिथेन तयार होतो. तिथे काही जिवाणू हायड्रोकार्बनांपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतात, त्यावर मिथेनजनक सूक्ष्मजीव जगतात. त्या पहिल्या टप्प्याला किण्वन म्हणतातच. तेव्हा तेलही आंबतं, फक्त त्या पट्ट्यात!

शर्वरी: मग लोहाच्या पट्ट्यात ‘विनॉक्सिश्वसन’, मिथेनच्या पट्ट्यात ‘किण्वन’. आणि बेंझीनसाठीही हीच फ्युमरेटची वाक्यं चालतील?

वाळूकण: नाही. बेंझीनला मिथिल गटच नाही, फ्युमरेट जोडणार कुठे? तिथे पहिली पायरी कोणती यावर अजून वाद आहे. नुसतं ‘विघटन’ लिहून पुढे जा.