1939 चा जॉर्ज रुपया : कप्पा रिकामा ठेवायचा की काहीतरी लावायचं?

टांकसाळ_वेडा : माझं मत आधीच सांगतो, रिकामा ठेवा. विषय काढायचं कारण म्हणजे परवा एकांचा नाण्यांचा अल्बम बघितला, इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचे 1938 पासून 1945 पर्यंत चांदीचे रुपये लायनीत, आणि 1939 च्या जागी एक चकचकीत प्रकार. भिंगाखाली धरला तर शेवटच्या 9 भोवतीचा भाग खरवडल्यासारखा, आकडाही बाकीच्या तिघांपेक्षा बसका. म्हणजे 1938 च्या 8 चा 9 केलेला. बरं, वजन करून कळत नाही, दोन्ही 11.66 ग्रॅम, चांदी दोन्हीत 91.7 टक्के, कड पण सारखीच. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि कडेला मधोमध खाच आली, त्यामुळे चाळीसनंतरच्या रुपयावर कोणी हा उद्योग केला तर कड बघूनच पकडता येतो, 38 वाला तसा नाही सापडत. खरे 1939 बाहेर फारच थोडे आले म्हणून तर हे सगळं चालतं.

रंकाळ्याकाठी : अहो पण खरा घ्यायचा तर लाखांच्या गोष्टी, ते नोकरदाराला कुठून जमणार? मी तिथे प्रतिकृती लावलीये, खाली चिठ्ठी, नकली म्हणून. भाचेकंपनी अल्बम बघायला बसली की मोकळ्या भोकाकडे बोट दाखवून कसली माहिती देणार, हातात काहीतरी हवं ना.

टांकसाळ_वेडा : चिठ्ठी तुम्ही आहात तोवर. पुढे घरचे अल्बम विकायला काढतील तेव्हा चिठ्ठी कुठल्या कुठे पडलेली असेल आणि तेच नाणं कोणाच्या तरी गळ्यात खरं म्हणून जाईल.

राणीछाप : तुमचं चालू द्या, पण आधी तो गॅप खरा आहे का तेवढं बघा. छापील अल्बममध्ये दर वर्षाचा कप्पा असतो आणि लोक 1863 चा व्हिक्टोरिया रुपया शोधत जुन्या बाजारात फिरतात. नाहीच आहे तो! 1862 ते 1874 रुपयावर 1862 च पडत राहिलं, कुठल्या वर्षाचा ते ठिपक्यांवरून लावायचं. 1923 ते 1937 चा पण रुपया नाही, 1922 नंतर डायरेक्ट 1938. ते कप्पे काढूनच टाका, निम्मी चिडचिड जाईल.

चिल्लर_पार्टी : +१. आणि घासलेलं पण खरं नाणं मिळत असेल तर खुशाल लावा. 1911 चा डुकराचा रुपया, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, सरकारने बरेचसे परत घेऊन वितळवले, पुढच्या वर्षी हत्ती नीट केला. माझ्याकडचा इतका झिजलाय की हत्ती की डुक्कर हा वादच मिटलाय 😄 पण 1911 स्वच्छ वाचता येतं, आणखी काय पाहिजे.

टांकसाळ_वेडा : झिजलेल्याला माझा विरोध नाहीच, लगेच लावा. पॉलिश मारलेलं मात्र नको, कारण खाडाखोड त्या चकाकीतच लपवतात.

लाहोरची_टांकसाळ : वर्षवार गोळा करायचं खूळच सोडा राव. मी टांकसाळीच्या खुणा बघतो, 1944 चा रुपया मुंबईचा वेगळा न् लाहोरचा वेगळा, लाहोरवर एल असतो. त्यात 1939 चा रुपया आडवा येतच नाही, झोप छान लागते.

रंकाळ्याकाठी : म्हणजे द्राक्षं आंबट. ते राहू दे, टांकसाळ_वेडा भाऊ, चिठ्ठीच्या जागी प्रतिकृतीवरच नकली असं कोरून घेतलं तर? मग पडायची भीती नाही.

टांकसाळ_वेडा : मग चालेल. पण कडेवर नको, होल्डरमध्ये दिसत नाही. राजाच्या तोंडाच्या बाजूला, ठसठशीत. आणि चांदीची तर अजिबात नको, पितळेची घ्या.

रंकाळ्याकाठी : पितळेची शोभेल का चांदीच्या लायनीत?

टांकसाळ_वेडा : नाही शोभणार, म्हणून तर सांगतोय.