‘सपोर्टर’ला मराठीत काय म्हणावं? देणगीदार, समर्थक की हितचिंतक?

प्रश्न

मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ‘सपोर्टर डेटा’ची टीम मी सांभाळते. पैसे देणारे, वेळ देणारे, निवेदनावर सही करणारे, शर्यतीत धावून ओळखीपाळखीत निधी जमवणारे, मृत्युपत्रात संस्थेचं नाव घालणारे, अशा सगळ्यांच्या नोंदी आमच्याकडे असतात. आता नोंदणीचे फॉर्म मराठीत आणायचे आहेत आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली आहे. त्याखेरीज ‘लॅप्स्ड’ (देणं थांबलेले), ‘डुप्लिकेट’ आणि ‘सप्रेशन’ (ज्यांना संपर्क करायचा नाही अशांच्या नोंदी) हे तीन शब्द रोज लागतात. कोशातले नकोत, नोंदी भरणाऱ्या स्वयंसेवकाला वाचताक्षणी कळतील असे हवेत.

प्रतिसाद

देणगीदार. रुळलेला शब्द आहे, उगाच नवा कशाला घडवायचा?

प्रतिसाद

देणगीदार पुरणार नाही. जो दर रविवारी मुलांना शिकवायला येतो आणि एक पैसाही देत नाही, तो देणगीदार कसा? ‘समर्थक’ म्हणावं तर निवडणुकीची सभा डोळ्यांपुढे येते: अमुक नेत्याचे समर्थक घोषणा देत आले. ‘पाठीराखा’ शब्द गोड आहे, पण तो भावाला किंवा देवाला शोभतो. फॉर्मवर ‘पाठीराखा क्रमांक’ वाचून माणूस हसेल. ‘आश्रयदाते’ छापील पत्रिकेच्या मागच्या पानावर बरे.

प्रतिसाद

निधी संकलनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत ‘हितचिंतक’ला. ‘वाचक, वर्गणीदार, जाहिरातदार व हितचिंतक’ ही माळ आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. त्या माळेत हितचिंतक शेवटी येतो, कारण बाकी कशातच न बसणारा तो. म्हणजे सर्वांत सैल शब्द, आणि आपल्याला सैलच हवा आहे. नुसतं चिंतणारा आणि खिशात हात न घालणारा, असा टोमणा त्यात आहे खरा, पण तो बोलण्यात. नोंदवहीत तो टिकत नाही.

पण प्रश्न एका शब्दाने सुटणार नाही. माणसाला एक नाव द्या आणि त्याने काय केलं ते वेगळ्या रकान्यात ठेवा. आज सही करणारी बाई उद्या दरमहा पैसे देऊ लागते, परवा स्वयंसेवक होते. तिला ‘देणगीदार’ असं कायमचं नाव चिकटवलं तर स्वयंसेवकांच्या यादीत तीच बाई दुसऱ्यांदा जन्म घेते. मग एकाच घरी एकाच आठवड्यात दोन पत्रं जातात: एक आभाराचं, दुसरं ‘आपण अजून आमच्याशी जोडले गेला नाहीत’ असं. अशा पत्रावर जो फोन येतो तो तुमच्या टीमलाच घ्यावा लागतो.

‘लॅप्स्ड’साठी ‘गळती’ मात्र चुकूनही वापरू नका. मुलांच्या संस्थेत गळती म्हणजे शाळेतून सुटलेली मुलं. ‘या तिमाहीत गळती वाढली’ असं तुम्ही बैठकीत म्हणालात, तर शिक्षण विभागातली माणसं वह्या उघडून वस्त्यांची नावं विचारू लागतील. ‘खंडित देणगीदार’ म्हणा. खंड पडतो आणि भरूनही निघतो, ती शक्यता शब्दात राहते. ‘माजी’मध्ये ती नाही. मात्र किती महिन्यांचा खंड म्हणजे खंडित, हे आधी ठरवून लिहून ठेवा. दरमहा देणाऱ्याचे दोन हप्ते चुकले तरी विचारपूस हवी. वर्षातून एकदा देणाऱ्याला दहाव्या महिन्यात खंडित ठरवणं म्हणजे त्याचा अपमान.

प्रतिसाद

+१. आणि ‘मरणोत्तर देणगी’सुद्धा टाळा. नेत्रदान, देहदान आठवतं. ‘मृत्युपत्रातील देणगी’ सरळ आहे.

प्रतिसाद

कायद्याच्या मजकुराचे अनुवाद करते, त्यामुळे ‘सप्रेशन’वर माझे दोन शब्द.

‘दडपलेल्या नोंदी’ असं भाषांतर मी खरोखर पाहिलं आहे. वाचून घोटाळा झाल्यासारखं वाटतं. मतदार यादीमुळे ‘वगळणी’ लोकांना माहीत आहे, पण तिथे नाव वगळलं म्हणजे यादीतून गेलं. इथे नेमकं उलट आहे. ‘मला पत्र पाठवू नका’ म्हणणाऱ्याची नोंद पुसून टाकली, तर पुढच्या कार्यक्रमातून आलेल्या नव्या यादीत तोच पत्ता पुन्हा शिरतो, आणि त्याने नको म्हटलं होतं हे सांगायला कुणी उरत नाही. म्हणून कामापुरतं नाव-पत्ता राखायचं आणि वर शेरा मारायचा: ‘संपर्क नको’. यादीचं नावही तेच ठेवा. मृत व्यक्तीचंही तसंच. ‘मयत’ हा शेरा कोरडा वाटला तरी नोंद पुसू नका. वडिलांच्या नावाने दरवर्षी येणारं आवाहनपत्र मुलीला किती लागत असेल.

दुसरं, ‘परवानगी’ आणि ‘संमती’ यांत गल्लत नको. परवानगी वरचा खालच्याला देतो, म्हणून फॉर्मवर ‘संमती’ बरी. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती घेऊन दिलेली असावी लागते. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन संमती ठरत नाही, आणि संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही काढून घेण्याच्या सोपेपणाबद्दल हेच सांगतो. त्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जीडीपीआरमध्ये ऑनलाइन सेवांपुरती १६ ची मर्यादा आहे, ती देशांना १३ पर्यंत खाली आणता येते.

हे सांगण्याचं कारण असं, की तुमच्या संस्थेत मूल म्हटलं की ‘लाभार्थी’ असं गृहीत धरलं जात असेल. पण शाळेत खाऊचे पैसे साठवून पाठवणारी मुलगी हितचिंतकच आहे! तिची नोंद कुठे आणि कुणाच्या संमतीने करायची, याची सोय फॉर्ममध्ये आहे का?

प्रश्नकर्ती

नाही, आत्ता सगळं शाळेच्या नावावर जमा होतं. मुलांची नावं आम्ही घेतच नाही, आणि ते तसंच ठेवावं असं आता वाटतंय.

‘हितचिंतक’, ‘खंडित’, ‘संपर्क नको’ हे तिन्ही घेते. ‘गळती’ आमच्या तक्त्यात होतीच, ती आजच काढते. डेटाला ‘विदा’ म्हणावं असा टीममध्ये एकाचा आग्रह आहे.

प्रतिसाद

विदा मला आवडतो, पण स्वयंसेवक ‘म्हणजे काय?’ असं विचारणार. फॉर्मवर ‘माहिती’ आणि टीमच्या नावात ‘डेटा’ असू द्या, दोन्ही नांदतील.

प्रतिसाद

डुप्लिकेट राहिलं की! ‘दुबार नोंद’ सगळ्यांना कळतं. फक्त त्याआधी ‘संभाव्य दुबार’ अशी एक पायरी ठेवा. नवरा-बायको एकच ईमेल वापरतात, बाप-लेकाच्या नावाचं आद्याक्षर आणि पत्ता एकच असतो. यंत्राने जुळवलेल्या जोड्या माणसाने पाहिल्याशिवाय एकत्र करू नयेत. दोन नोंदी एक करणं क्षणाचं काम असतं, पण एक झालेल्या पुन्हा सोडवायच्या म्हणजे कुठली पावती कुणाची, इथपासून सुरुवात. आणि दोघांपैकी एकाचा शेरा ‘संपर्क नको’ असेल, तर एकत्र करताना तो गळून पडणार नाही एवढं बघा.