महाप्रसादाचा भात पहाटेच करून ठेवला तर?

प्रश्न : तासगाव तालुक्यात यात्रेचा महाप्रसाद आहे, दीड हजार पानं. आचारी म्हणतात, मसालेभात पहाटे ३ ला उतरवू, पंगत १२ ला. चालेल का? विषबाधेचा खर्च कमिटीला कसा पटवायचा?

उत्तर १ : मुळीच नको. तांदळातले बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (बीसारखं टणक रूप) शिजवूनही टिकतात. भात ५ ते ६० अंशांत तासन्‌तास राहिला की ते रुजतात आणि विष सोडतात. उलट्या करणारं हे विष परत गरम करूनही जात नाही. मोठ्या पातेल्यात मधला गाभा बराच वेळ कोमट राहतो, वरून हात लावून कळत नाही. पंगतीच्या वेळेलाच छोट्या खेपा काढा, उतरवला की वाढा. हाताला जखम असलेल्याला बासुंदीजवळ फिरकू देऊ नका, स्टॅफिलोकॉकस हा विषबाधेचा जंतू तिथूनही येतो.

उत्तर २ : दादा, कमिटीला हे सांगा. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अंदाजानुसार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दूषित अन्नामुळे वर्षाला सुमारे ११० अब्ज डॉलर जातात. त्यात उपचाराचे फक्त १५ अब्ज, बाकी बुडालेलं काम. आपल्याकडे तेच. सलाईनचं बिल दिसतं, द्राक्षछाटणीत चौघांची बुडालेली हजेरी कुणी मोजत नाही.

उत्तर ३ : त्रास झालाच तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. उरलेलं अन्न फेकू नका, स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, तपासणीला लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. लहान मुलं आधी बघा, ती लवकर सुकतात.