गिमिलिओचे चर्च आणि आपला जांभा

प्रश्न (म्हापसा): फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील गिमिलिओ येथे चर्चच्या आवारात १५८१ ते १५८८ दरम्यान कोरलेला, सुमारे दोनशे मूर्तींचा दगडी क्रूसस्तंभ आहे. गोव्यातील चर्चच्या भिंतींवर इतके बारीक कोरीवकाम का आढळत नाही?

उत्तर (फोंडा): गोव्यातील चर्च ज्या जांभा दगडाची आहेत, तो सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीवकाम जमत नाही, म्हणून चुन्याचा गिलावा करीत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चचा जांभा आज उघडा दिसतो, कारण तो गिलावा विसाव्या शतकात काढला गेला. ब्रिटनीतील केर्सांतों हा गडद, बारीक कणांचा दगड मात्र छिन्नीला सहज वश होतो.

उत्तर (मडगाव): गिमिलिओच्या चर्चमधील लाकूडकामही पाहावे. बाप्तिस्मा-कुंडावरील, १६७५ चा, आठ पिळदार खांबांचा ओक लाकडी मंडप मला क्रूसस्तंभापेक्षाही सरस वाटतो. या साऱ्या वैभवामागे लिननच्या (अळशीच्या धाग्यांच्या) कापडाचा व्यापार होता.