जुनी डिझेल भंगारात घाला म्हणणाऱ्यांनो, आधी हिशोब करा

जुनाट_हॅचबॅक: काल इथे एका महाशयांनी लिहिलंय की बीएस-४ (धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली) डिझेल अजून चालवणारे म्हणजे पर्यावरणाचे गुन्हेगार, विका आणि नव्या नियमांतली बीएस-६ घ्या. डोकंच फिरलं. माझी २०११ ची गाडी वर्षाला ४ हजार किमी पळते, गावाला जाऊन येण्यापुरती. १६ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे २५० लिटर, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, झाले ६७० किलो. नवी २० देईल, म्हणजे ५३६. वाचले किती, १३४ किलो! नवी बनवतानाचं स्टील, अ‍ॅल्युमिनियम, वीज सगळं मिळून ५ टन धरा, फिटायला ३७ वर्षं. तोवर मी तरी असेन का?

चौकातला_मजला: वा, कार्बन मोजला, धूर कोण मोजणार? बीएस-४ डिझेलला किमीमागे २५० मिलिग्रॅम नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) चालायचा, बीएस-६ ला ८०. काजळीचे कण २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आलेत. आमच्या खिडकीच्या गजावर सकाळी पुसलं तरी संध्याकाळी बोट काळं होतं. तुमची ३७ वर्षं माझ्या पोराच्या नेब्युलायझरला सांगा.

घाटवळण: ते ८० लॅबमधले हो. २०१५ ला फोक्सवॅगनचं काय निघालं विसरलात? लॅबमध्येच नॉक्स कमी दाखवणारं सॉफ्टवेअर! रस्त्यावरच्या टेस्टची अट आपल्याकडे २०२३ ला आली. आणि बीएस-६ चं कौतुक मला नका सांगू, माझी २०२१ ची आहे, ऑफिस ६ किमी, सारखा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा. सर्व्हिसवाला म्हणतो साहेब हायवेला न्या. मग दर रविवारी एकटाच खेड शिवापूरकडे, आरपीएम चढवून, टोलच्या अलीकडून परत, फक्त काजळी जाळायला. हे डिझेल कुठल्या खात्यात धरायचं?

चौकातला_मजला: ६ किमीला डिझेल घेतलीतच का मुळात?

घाटवळण: सासऱ्यांचा सल्ला. तो विषय नको.

पाना_पक्कड: गॅरेज आहे माझं. आठवड्याला दोघं तरी विचारतात डीपीएफ काढून देता का. मी नाही देत पण देणारे आहेत, आतली जाळी फोडायची, डबा परत वेल्ड. ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात फिरवून नॉक्स कमी करतो तो भाग) पत्रा मारून बंद करणारे तर जुनेच, त्यात नॉक्स वाढतो पण पीयूसीत डिझेलचा नुसता धूर बघतात त्यामुळे पास.

जुनाट_हॅचबॅक: पीयूसी! मागच्या वेळी त्याने नळी पाइपला लावलीच नाही, नंबरप्लेटचा फोटो काढला, कागद हातात.

चौकातला_मजला: आणि तुम्ही तो घेतलात! वर आम्हाला हिशोब शिकवताय?

जुनाट_हॅचबॅक: मग काय भांडत बसू तिथे? मागे रिक्षांची लाइन होती.

टुरिस्ट_परमिट: पीयूसीचा वेगळा धागा काढा राव. मी वर्षाला ३० हजार चालवतो, १६ वरून २० वर आलो की ३७५ लिटर वाचतात, टनभर कार्बन. तुमचे ५ टन माझे ५ वर्षांत फिटतात. फक्त मी विकलेली जुनी काही मेली नाही, साताऱ्यात कोणीतरी चालवतोय, ते कोणी धरत नाही.

चौकातला_मजला: बरं बाबा, ४ हजारवाल्यांनी ठेवा जुनी, उपकार. निदान आमच्या सिग्नलला इंजिन बंद करा.

जुनाट_हॅचबॅक: करतो. परत सुरू नाही झाली तर धक्का मारायला खाली या.